बारावी इतिहास, सतरा नंबर फॉर्म : मी काय काय वापरलं, कशाचा उपयोग झाला, कशाला पैसे घालू नका

दहावीनंतर सोळा वर्षांनी मी बारावी आर्ट्सची परीक्षा दिली, सतरा नंबर फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजला न जाता बाहेरून. सोलापुरात एका गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर काम करते, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात, त्यामुळे क्लास लावायचा प्रश्नच नव्हता. जे काही शिकायचं ते पुस्तक, गाईड, मोबाईल आणि विचारायला कोणी भेटलं तर त्यांच्याकडून. इतिहासाला सगळ्यात जास्त वेळ दिला कारण तो विषय मला मनापासून आवडतो. बाहेरून बसणाऱ्या खूप जणी विचारतात की ताई कोणतं गाईड घेऊ, कोणतं ॲप घेऊ, म्हणून एकदा नीट सगळं लिहिते. ज्यांनी मला फसवलं त्यांची नावं लिहित नाहीये, पण वस्तू कशी होती ते स्पष्ट लिहिते.

सगळ्यात आधी बालभारतीचं पुस्तक. हे घ्याच, दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल. ई-बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते पण माझं ऐका, छापील घ्या, कारण मोबाईलवर वाचलं की मेसेज येतो आणि लक्ष गेलंच. एकूण बारा धडे आहेत, युरोपातलं प्रबोधन इथपासून सुरुवात होते, मग वसाहतवाद, मराठे, सामाजिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा, एकात्मीकरण, महायुद्धं, शीतयुद्ध आणि शेवटी बदलता भारत दोन भागात. पहिल्या वाचनात मला वाटलं की हे सगळं सुटं सुटं आहे, एक धडा युरोपात, एक पुण्यात, एक परत जगात. तिसऱ्या वाचनात कळलं की अख्खं पुस्तक एकच गोष्ट सांगतंय, युरोपवाले घराबाहेर का पडले, इथे येऊन काय केलं, आणि मग ते कसे परत गेले. हे एकदा डोक्यात बसलं की बारा धडे बारा राहत नाहीत. वाचताना मी दर धड्याच्या वर पेन्सिलने एक ओळ लिहून ठेवली होती, की हा धडा मागच्या धड्याला कुठे जोडतो. मला सगळ्यात जास्त उपयोग त्या बारा ओळींचा झाला.

पुस्तकाची भाषा कुठे कुठे दाट आहे, एका परिच्छेदात चार नावं आणि तीन सनावळ्या येतात, आणि एकट्याने वाचणाऱ्याला थांबून विचारायला कोणी नसतं. तिथे मी घाई करायचे आणि नंतर अडकायचे. पण स्वाध्याय फार चांगले आहेत, आणि बाहेरून बसणारे नेमके तेच सोडून देतात, कारण त्यांना वाटतं की उत्तरं गाईडमध्ये आहेतच. चुकीची जोडी दुरुस्त करा, नावे लिहा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टिपा, सकारण स्पष्ट करा, तुमचे मत नोंदवा, सविस्तर उत्तरे, पेपरमध्ये विचारतात ते सगळे प्रकार त्यातच आहेत. लेखी ८० मार्कांचं, तीन तास, आणि २० मार्क प्रकल्प वगैरेचे. म्हणजे स्वाध्याय वहीत लिहून काढले तर परीक्षेचा नमुना आपोआप हातात बसतो.

आता गाईड. मी नवी पेठेतून एक जाड गाईड घेतलं, दुकानदार म्हणाला ताई हेच चालतंय, सगळी मुलं हेच नेतात. दिसायला छान होतं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार, महत्त्वाचे शब्द ठळक. आणि त्यात जोड्यांच्या प्रश्नात वसईचा तह १८०३ असा छापलेला होता. मी तसाच पाठ केला, आठ दिवस कॉलर शिवताना तोंडाने म्हणत होते, वसईचा तह अठराशे तीन. मग बालभारतीच्या पुस्तकातला मराठ्यांचा धडा परत घेतला तेव्हा खटकलं. हडपसरला यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं ते ऑक्टोबर १८०२ मध्ये, तिथून बाजीराव पुणं सोडून पळाला, वसईला इंग्रजांकडे गेला, आणि तह झाला ३१ डिसेंबर १८०२ ला. १८०३ मध्ये तर तो इंग्रज फौजेच्या संरक्षणात परत पुण्याला आला आणि शिंदे-भोसल्यांशी इंग्रजांचं युद्ध लागलं. म्हणजे गाईडमध्ये नुसता एक आकडा चुकला नव्हता, त्या आकड्याने मागचंपुढचं सगळं उलटं झालं होतं, कारण आणि परिणाम एकाच वर्षात कोंबले गेले होते. जोडी लावायच्या प्रश्नात एक मार्क गेला असता पण सकारण स्पष्ट करा मध्ये अख्खं उत्तर गेलं असतं.

त्या गाईडमध्ये नंतर अजून दोन चुका सापडल्या. मी असं म्हणत नाही की गाईड घेऊच नका, मीही शेवटपर्यंत वापरलं. पण गाईडचं काम एवढंच, की उत्तर साधारण किती लांब लिहायचं आणि मुद्दे कसे पाडायचे ते बघायला. त्यातली सन, नाव, ठिकाण पुस्तकावरून ताडून घेतल्याशिवाय पाठ करू नका. मी लाल पेनाने ताडलं, एका धड्याला साधारण पाऊण तास जायचा आणि त्या पाऊण तासात धडा निम्मा पाठ व्हायचा, त्यामुळे वेळ वाया गेला असं अजिबात नाही.

अपेक्षित प्रश्नसंच म्हणून जे मिळतात ते जानेवारीत घेतले तर ठीक, आधी घेऊ नका. आधी घेतले की माणूस फक्त तेवढंच वाचतो.

ह्याच्यापेक्षा कितीतरी चांगल्या मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका. मला माझ्या संपर्क केंद्राच्या कॉलेजमधून तीन झेरॉक्स मिळाल्या, प्रकल्प जमा करायला गेले तेव्हा लायब्ररीतल्या मॅडमना नुसतं विचारलं तर त्यांनी लगेच काढून दिल्या. बाहेरून बसणाऱ्या बऱ्याच जणींना वाटतं की आपण त्या कॉलेजचे नाही तर आपल्याला कोण देणार, पण विचारा, मागा, आपला फॉर्म तिथेच असतो. पहिली प्रश्नपत्रिका मी घड्याळ लावून रविवारी दुपारी सोडवली, आणि तीन तासात माझे फक्त दोन तृतीयांश प्रश्न झाले. येत होतं सगळं, पण हात चालत नव्हता. सोळा वर्षं मशीन चालवलेला हात, सलग पेन धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. कोणतंही गाईड, कोणतंही ॲप हे सांगत नाही. तिथून पुढे रोज रात्री दोन पानं लिहायचीच असं ठरवलं, जेवण झाल्यावर, पोरं झोपल्यावर, काही दिवस फक्त एक पान झालं पण चुकवलं नाही. तिसरी प्रश्नपत्रिका वेळेच्या दहा मिनिटं आधी संपली.

ॲपबद्दल. एका ॲपचा बारावी आर्ट्सचा पॅक ४९९ रुपयांना घेतला, जाहिरातीत होतं की सगळ्या धड्यांचे व्हिडिओ, नोट्स, टेस्ट सिरीज. उघडल्यावर इतिहासाचे फक्त चार धडे होते, आणि नोट्स म्हणजे कोणत्यातरी गाईडची पानं मोबाईलने फोटो काढून टाकलेली, कडेला अंगठा दिसत होता. टेस्टमध्ये फक्त पर्यायी प्रश्न. बारावीच्या इतिहासाला पर्यायी प्रश्न असतात किती? थोडेच. बाकी सगळं लिहायचं असतं. मी तीन वेळा मेसेज केला, पैसे परत नाही मिळाले. ४९९ रुपये म्हणजे माझ्यासाठी दीड दिवसाची शिलाई आहे, म्हणून सांगते, पैसे भरायच्या आधी बारा धड्यांची यादी मागा आणि एक तरी पूर्ण धडा उघडून बघायला मागा. नाही म्हणाले तर सोडून द्या.

यूट्यूबवर चांगलं पण आहे आणि वाईट पण आहे, त्यात फरक कसा करायचा हे मला शिकायला वेळ लागला. एका व्हिडिओत, पंधरा मिनिटात अख्खं शीतयुद्ध असं नाव होतं, त्यात सांगितलं की बांडुंगला अलिप्ततावादी चळवळीची, म्हणजे अमेरिका आणि रशिया दोन्ही गटांपासून दूर राहणाऱ्या देशांच्या चळवळीची, स्थापना झाली १९५५ मध्ये. बांडुंग परिषद १९५५ ची हे बरोबर, एप्रिलमध्ये, आशिया आणि आफ्रिकेतले २९ देश आले होते, तिथे पाया घातला गेला. पण अलिप्ततावादी राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला झाली १९६१ मध्ये. दोन्ही वेगवेगळं विचारतात. आणि दुसरे एक सर आहेत, खडू घेऊन फळ्यावर जर्मनीचा नकाशा काढतात, त्यात बर्लिन कुठे येतं ते दाखवतात, पूर्व जर्मनीच्या अगदी पोटात. तोपर्यंत मला वाटायचं की बर्लिनची भिंत म्हणजे पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या मधली हद्द. मग १९४८ ला रशियाने रस्ते बंद केल्यावर विमानाने धान्य-कोळसा का टाकावा लागला, आणि १९६१ ला भिंत पश्चिम बर्लिनभोवती का बांधली, हे एकदम उलगडलं. दहा मिनिटांचा व्हिडिओ, मी चार वेळा बघितला. तर माझा अनुभव असा की जो मास्तर नकाशा काढतो, का झालं ते सांगतो, घाई करत नाही, त्याचं बघा. जो नुसता भराभर सनावळी वाचतो त्याचं बघू नका, ते आपण पुस्तकातून वाचूच शकतो.

नकाशावरून आठवलं, कोरे नकाशे. स्टेशनरीच्या दुकानात सुटे मिळतात, भारताचे आणि जगाचे, मी दोन्ही मिळून पन्नास घेतले. अख्ख्या अभ्यासातली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि पहिल्या तीन कामाच्या वस्तूंमध्ये मी ती धरेन. वास्को द गामा लिस्बनहून निघाला, आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होप, मग वर मालिंदी आणि तिथून समुद्र ओलांडून कालिकत, १४९८. हे वाचून मला दर वेळी विसरायचं. एकदा बोटाने आणि मग पेन्सिलने तो रस्ता काढला तेव्हा कळलं की किती लांब आहे, आणि मग आधी १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतल्यावर खुष्कीचा, म्हणजे जमिनीवरचा, व्यापार अवघड झाला म्हणून एवढा वळसा घ्यायला लोक तयार झाले, ह्याचं वजन कळलं. पेपरमध्ये नकाशा देऊन त्यावर प्रश्न विचारतात, त्याची भीती तर गेलीच.

मराठी विश्वकोश, वाईहून निघालेला, लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले प्रमुख संपादक, आता सगळा ऑनलाईन फुकट वाचता येतो. पुस्तकात एखादं नाव एका ओळीत येऊन जातं आणि आपल्याला कळत नाही की हा कोण, तेव्हा तिथे शोधा. भाषा जड आहे, मला एक नोंद दोनदा वाचावी लागायची. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिला खंड १९७६ चा आहे, त्यामुळे त्या काळात लिहिलेल्या नोंदींमध्ये सोव्हिएत रशिया अजून उभा असतो. शीतयुद्धाच्या शेवटाबद्दल तिथे बघताना नोंद कधीची आहे ते बघा. बाकी सुधारणांच्या धड्यासाठी, फुले, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, दर्पण हे वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर, ह्यांच्यासाठी मला तरी ह्याहून चांगलं मराठीत फुकट काही मिळालं नाही.

आता जे कोणी विकत नाही ते. कारखान्यात बारा-चौदा मशीन एकदम चालतात, पुस्तक समोर ठेवून वाचता येत नाही, सुपरवायझर बघतात आणि सुई बोटात जायची. म्हणून मी मोबाईलमध्ये माझ्याच आवाजात रेकॉर्डिंग केलं. पण धडा वाचून रेकॉर्ड केला तर दोन दिवसात लक्षात आलं की ऐकताना डोकं दुसरीकडे जातं, गाणं ऐकल्यासारखं होतं. मग पद्धत बदलली. प्रश्न बोलायचा, पाच सेकंद गप्प राहायचं, मग उत्तर बोलायचं. सत्यशोधक समाज कधी? गप्प. १८७३. प्रार्थना समाज? गप्प. १८६७. आर्य समाज कुठे आणि कधी? गप्प. मुंबई, १८७५. त्या पाच सेकंदात मी मशीनवर मनात उत्तर द्यायचे. एक कान उघडा, एकात इअरफोन. बाराही धड्यांचं मिळून साधारण तीन तासांचं रेकॉर्डिंग झालं, दिवसात एकदा पूर्ण व्हायचं. शेजारच्या मशीनवरची मुलगी विचारायची ताई ओठ काय हलवताय, मग एक इअरफोन तिला पण दिला.

आणि उत्तर तपासणारं माणूस. आमच्या वाड्यात एक निवृत्त सर राहतात, ते भूगोल शिकवायचे, इतिहास नाही, तरी मी त्यांच्याकडे वही घेऊन गेले. त्यांनी मला एक प्रश्न घातला, वसईच्या तहाने पेशव्यांचं स्वातंत्र्य गेलं, सकारण स्पष्ट करा. मी दीड पान लिहिलं, यशवंतराव होळकरांपासून सगळं. सर म्हणाले, ताई, तुम्ही गोष्ट छान सांगितली, पण स्वातंत्र्य गेलं म्हणजे नेमकं काय गेलं ते कुठे लिहिलंय? मग त्यांनी मला परत लिहायला बसवलं. इंग्रजांची तैनाती फौज पेशव्याच्या खर्चाने कायमची, तिच्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, दुसऱ्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही, आणि दुसऱ्या सत्तांशी बोलायचं तर इंग्रजांना विचारून. चार मुद्दे, पाऊण पान, आणि उत्तर पूर्ण. त्या दिवशी मला कळलं की मी सहा महिने नुसतं वाचत होते, उत्तर लिहायला अजून सुरुवातच केली नव्हती. बाहेरून बसणाऱ्यांना कॉलेजच्या मुलांपेक्षा कमी मिळतं ते नेमकं हेच, तपासणारं कोणी नसतं. शिक्षकच पाहिजे असं नाही, वाचता येणारं, तोंडावर सांगणारं कोणी पण चालेल. फक्त त्यांना एवढंच विचारायला सांगा, की प्रश्नात जे विचारलंय त्याचं उत्तर ह्यात आहे का.

प्रकल्पासाठी दुकानात तयार फाईली मिळतात, चित्रं चिकटवलेल्या. मला दीडशे रुपये सांगितले. घेतली नाही. माझी आजेसासू नळदुर्गची आहे, आता नव्वदीच्या जवळ आहे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबादवर जी पोलीस कारवाई झाली, ऑपरेशन पोलो, त्यातली मुख्य फौज आमच्या सोलापूरहूनच निघाली होती, १३ सप्टेंबरला, आणि पहिली चकमक नळदुर्गला झाली. पुस्तकात हैदराबादचं विलीनीकरण आहे, नळदुर्गच्या आमच्या म्हातारीचं काही नाही, आणि पाठ्यपुस्तकात तेवढं येणं शक्यही नाही. मी तिला दोन रविवार समोर बसवून विचारलं. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, भीतीने त्यांच्या घरातलं पितळ विहिरीत टाकलं होतं आणि बायकापोरं सोलापूरच्या बाजूला नातेवाईकांकडे पाठवली होती. परत गेल्यावर विहिरीतून सगळं निघालं, एक तांब्या नाही निघाला. तो तांब्या तिला अजून आठवतो. मी ते तिच्या शब्दात लिहिलं, बाजूला पुस्तकातल्या तारखा लिहिल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली इथपर्यंत, आणि हाताने काढलेला सोलापूर ते सिकंदराबाद रस्त्याचा नकाशा जोडला. तोंडी घेणाऱ्या मॅडमनी फाईल वाचताना मान वर केली आणि विचारलं, आजी अजून आहेत का. मी आहेत म्हटलं. मग त्यांनी बाकीचे प्रश्न विचारलेच नाहीत, त्याच्यावरच बोलत बसल्या. ज्यांच्या घरात अशी म्हातारी माणसं आहेत त्यांनी ह्या वर्षीच विचारून घ्या.

तर खर्च म्हणाल तर पुस्तक, कोरे नकाशे, दोन वह्या, झेरॉक्स, एवढं खरं कामाचं आणि हे सगळं मिळून गाईडच्या किमतीच्या आसपासच होतं. ॲपचे पैसे गेले ते गेले. मला इतिहासात ८१ मिळाले.

शेजारच्या मशीनवरच्या त्या मुलीने आता सतरा नंबर भरलाय. पुस्तक तिला दिलं, लाल पेनाचं गाईड पण दिलं, उरलेले अकरा नकाशे दिले. रेकॉर्डिंग मागत होती तेव्हा मराठ्यांचा धडा एकदा ऐकून बघितला, तर त्यात माझ्याच आवाजात वसईचा तह अठराशे तीन असं होतं, अगदी ठासून म्हटलेलं. तेवढा भाग काढून परत बोलले आणि मगच पाठवला.